आठवण आणि उमज : कुमार गंधर्वविषयक स्मरणलेखनाची चिकित्सा

१

पदव्युत्तर वर्गात चरित्र, आत्मचरित्र आणि व्यक्तिचित्र हे वाङ्मयप्रकार शिकवताना एकदा विद्यार्थ्यांना कुमार गंधर्वांविषयी जे ठाऊक असेल ते दहा ओळींत लिहून काढायला सांगितले होते. जे हाती आले ते विचारात पाडणारे होते. बहुतेकांनी क्षयाचा आजार लिहिला, निकामी झालेले फुप्फुस लिहिले, देवासचे मौन लिहिले आणि त्या मौनातून उगवलेला नवा स्वर लिहिला. एकानेही रागाचे नाव लिहिले नाही. विद्यार्थ्यांना दोष देण्याचे कारण नाही. प्रस्तुत लेखकाची अवस्था काही फार निराळी नव्हती. १२ जानेवारी १९९२ रोजी देवास येथे कुमार गंधर्वांचे निधन झाले तेव्हा तो शाळेत होता. त्यांची मैफल त्याने प्रत्यक्ष ऐकलेली नाही. त्यांचा स्वर ध्वनिमुद्रिकेतून कानी पडण्याच्या कितीतरी आधी त्यांची कथा कानी पडली होती. गाण्याआधी गायकाची आठवण ज्याच्यापर्यंत पोहोचते अशा पिढीचा तो वाचक आहे.

८ एप्रिल १९२४ हा कुमार गंधर्वांचा जन्मदिवस. २०२४ साली त्यांच्या जन्माला शंभर वर्षे पूर्ण झाली. त्या निमित्ताने आणि त्याआधीच्या तीन दशकांतही त्यांच्याविषयी मराठीत विपुल लिहिले गेले. त्यातील फार मोठा भाग आठवणींचा आहे. या लेखनामागील प्रेमाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु प्रेमाने लिहिलेल्या मजकुरालाही रूपबंध असतो, आणि तो रूपबंध लेखकाच्या नकळत परंपरेकडून उसना आलेला असतो. हा रूपबंध कोणता, त्यात काय टिकते आणि काय गळून पडते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. प्रश्न केवळ संगीताचा नाही. ज्याचे माध्यम शब्द नव्हते अशा कलावंताला शब्दांतून आठवायचे कसे, हा मूलतः वाङ्मयीन प्रश्न आहे.

२

थोर गुरूचे स्मरण ही मराठी गद्याच्या दृष्टीने आनुषंगिक गोष्ट नाही. मराठी गद्याचा आरंभच अशा स्मरणातून झाला आहे. चक्रधरांच्या प्रयाणानंतर म्हाइंभटांनी त्यांच्या लीळा संकलित केल्या. त्यासाठी ते ज्यांनी चक्रधरांना पाहिले-ऐकले होते त्यांच्याकडे गेले, त्यांचे सांगणे त्यांनी टिपून घेतले आणि नागदेवाचार्यांकडून ते पारखून घेतले. 'लीळाचरित्रा'तील लीळा आकाराने लहान असते. स्थळ कोणते, समोर कोण होते, काय घडले, चक्रधर काय बोलले, एवढे सांगून ती थांबते. मूळ प्रत हरवल्यावर स्मरणातून ग्रंथ पुन्हा सिद्ध करावा लागला, तेव्हा निरनिराळ्या व्यक्तींच्या स्मरणातील पाठभेदही परंपरेने जपले. 'मला असे आठवते. त्याला तसे आठवते' हा भेद येथे दडपला जात नाही. श्रद्धा पराकोटीची आहे, आणि तरीही स्मरण ही पडताळून पाहण्याची गोष्ट आहे याचे भान सुटलेले नाही.

दुसरी परंपरा महीपतींची. 'भक्तविजय' (१७६२) आणि 'भक्तलीलामृत' (१७७४) या ग्रंथांनी मराठी मनाला चरित्राचा एक साचा दिला. सत्त्वपरीक्षा, संकट, सर्व आधार सुटण्याचा क्षण, कृपा आणि पुनःप्राप्ती असा त्याचा क्रम आहे. व्यक्ती बदलते, तपशील बदलतात, क्रम मात्र स्थिर राहतो. महीपतींच्या प्रयोजनाच्या दृष्टीने हे योग्यच होते. त्यांना संतांमधील भेद सांगायचा नव्हता. सर्वांमधून वाहणारी एकच भक्ती सांगायची होती.

या दोन परंपरांना येथे सोयीसाठी 'नोंदीचे स्मरण' आणि 'साच्याचे स्मरण' असे म्हणू. एक श्रेष्ठ आणि दुसरी कनिष्ठ असा निवाडा येथे अभिप्रेत नाही. साच्याच्या स्मरणामुळे माणूस समाजाच्या ओठी राहतो. परंतु ज्याचे मोठेपण त्याच्या वेगळेपणातच आहे अशा कलावंताला हा साचा लावला, तर जे वेगळे तेच प्रथम नाहीसे होते.

३

हा साचा कसा काम करतो हे पाहण्यासाठी कुमार गंधर्वांच्या आधीच्या एका गायकाचे उदाहरण घेऊ. अल्लादियाखाँ (१८५५–१९४६) यांच्याविषयी सर्वत्र सांगितली जाणारी हकीकत अशी, की आमलेटा येथील दरबारात अतोनात गावे लागल्यामुळे त्यांचा आवाज बसला. दीर्घ काळाने तो परतला तो बदललेला. आणि त्या बदललेल्या आवाजासाठी त्यांनी नवी, वक्र आणि बिकट गायकी घडविली. पुढे कोल्हापूरच्या आश्रयात ती गायकी बहरली आणि जयपूर-अत्रौली घराणे म्हणून मान्यता पावली.

आता कुमार गंधर्वांची हकीकत तिच्याशेजारी ठेवून पाहावी. बेळगावजवळच्या सुळेभावी येथे जन्मलेला शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळीमठ हा मुलगा विलक्षण बालगायक म्हणून गाजतो. मुंबईत बी. आर. देवधरांच्या विद्यालयात त्याचे शिक्षण होते. ऐन उमेदीत क्षयाने गाठल्यामुळे १९४८ च्या प्रारंभी हवापालटासाठी देवासला जावे लागते. सुमारे पाच वर्षे गाणे बंद राहते. एक फुप्फुस जवळजवळ निकामी होते. आणि मग गायक पुन्हा गाऊ लागतो तो नव्या रूपात.

दोन्ही हकीकती तथ्य म्हणून चुकीच्या आहेत असे म्हणायचे नाही. लक्षात घ्यायचे ते इतकेच, की भिन्न काळातील, भिन्न घडणीच्या आणि भिन्न गायकीच्या दोन कलावंतांना आठवताना आपण एकच गोष्ट सांगतो : स्वर गेला, तपश्चर्या झाली, स्वर आला. वैभव, हरण आणि पुनःप्राप्ती या क्रमात महीपतींची छाया स्पष्ट दिसते. आजार येथे सत्त्वपरीक्षा होतो, देवास हे अरण्य होते आणि नवी गायकी हा प्रसाद होतो.

या साच्याला एक कार्यकारणभावही चिकटतो. कुमार गंधर्वांच्या गायनातील आखूड स्वरवाक्ये, मध्येच घेतलेले विराम, स्वराचे अकस्मात फेकणे यांचे स्पष्टीकरण कमी झालेल्या श्वासात शोधले जाते. शरीराची मर्यादा कलेला आकार देते हे कोणी नाकारणार नाही. परंतु श्वास कमी पडला म्हणून वाक्य आखूड झाले, एवढ्याने ते वाक्य अर्थपूर्ण का झाले हे कळत नाही. आखूड वाक्य तुटकही वाटू शकले असते. ते तसे वाटत नाही, कारण विरामापूर्वीचा स्वर आणि विरामानंतरचा स्वर यांच्यात ताण निर्माण केलेला असतो आणि समेपर्यंतचा अवकाश त्या ताणाने भरलेला असतो. मर्ढेकरांनी सौंदर्यविचारात मांडलेल्या संवाद, विरोध आणि समतोल या लयींच्या परिभाषेत बोलायचे, तर येथील विराम हा विरोधलयीचा घटक आहे. कारण देहात असेल. आशय मात्र रचनेत आहे. समीक्षेचे काम रचनेपाशी सुरू होते.

४

साच्याच्या स्मरणात नेमके काय गळते, याची तीन उदाहरणे देता येतील.

पहिले उदाहरण आजारापूर्वीच्या काळाचे. आजाराला निर्णायक वळण मानले, की आधीची वर्षे केवळ प्रस्तावना ठरतात. वास्तविक कुमार गंधर्वांच्या सांगीतिक वृत्तीची मुळे देवधरांच्या विद्यालयात दिसतात. देवधर (१९०१–१९९०) हे विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य. परंतु एका घराण्याच्या चौकटीत राहणे त्यांना मान्य नव्हते. नाना घराण्यांचे गवई त्यांच्याकडे येत, गात आणि बोलत. देवधरांचे 'थोर संगीतकार' (१९७४) हे पुस्तक या श्रवणातून आणि सहवासातूनच सिद्ध झाले आहे. घराणे ही निवडण्याची आणि तपासण्याची गोष्ट आहे, ती केवळ वारशाने मिळत नाही, हा विचार विद्यार्थिदशेतील कुमारांच्या भोवती वावरत होता. पुढे वामनराव देशपांडे यांनी 'घरंदाज गायकी' (१९६१) या ग्रंथात घराण्यांची मीमांसा केली, तेव्हा त्यांच्या समोर, आणि त्यांच्या निकटच्या स्नेहात, घराण्याबाहेर उभा राहिलेला हा गायक होता. परंपरेशी चाललेला हा वाद आजाराच्या कथेत मावत नाही.

दुसरे उदाहरण माळव्याच्या लोकधुनांचे. आठवणींतून हा भाग हमखास एका चित्राच्या रूपात येतो : अंथरुणाला खिळलेला गायक आणि बाहेरून येणारे बायकांच्या गाण्यांचे सूर. चित्र हृद्य आहे. पण त्यात ऐकणे हा एक योग ठरतो, जवळजवळ कृपा ठरते. 'अनूपरागविलास' (१९६५) हा ग्रंथ उघडला की निराळे दृश्य दिसते. तेथे मालवती, संजारी, अहिमोहिनी, लगनगंधार, सहेली तोडी यांसारखे 'धुनउगम' राग स्वरलिपीसह मांडलेले आहेत. लोकधुनेला तीन-चार स्वरांचाही पसारा पुरतो. तिचा राग करायचा तर त्या स्वरांपैकी कोणावर थांबायचे, कोणाला ओझरते ठेवायचे, धुनेत नसलेले कोणते स्वर तिच्या स्वभावाला धक्का न लावता आत घ्यायचे, याचे निर्णय करावे लागतात. ते केवळ कानाचे नाहीत, बुद्धीचे आहेत. धुन ही रागांची जननी आहे ही भूमिका त्यामागे आहे, आणि ती रागशास्त्राच्या प्रचलित समजुतीला प्रश्न विचारते. आठवणीच्या चित्रात सूर खिडकीतून आत येतो. ग्रंथात तो टिपला जातो, पारखला जातो, मांडला जातो. पहिल्यात गायक प्रसादाचा धनी आहे, दुसऱ्यात तो श्रमाचा कर्ता आहे.

तिसरे उदाहरण त्यांच्या सहवासातील स्त्रियांचे. पहिल्या पत्नी भानुमती यांनी आजारात केलेली शुश्रूषा सर्वत्र गौरविली जाते आणि ते योग्यच आहे. पण त्या स्वतः संगीत शिकलेल्या होत्या ही गोष्ट बहुधा एका उपवाक्यात उरकली जाते. भानुमतींच्या १९६१ मधील निधनानंतर १९६२ साली कुमार गंधर्वांनी ज्यांच्याशी विवाह केला त्या वसुंधरा कोमकली (निधन २०१५) या गायिका होत्या. मैफलीत त्यांनी कुमार गंधर्वांना साथ केली, निर्गुण भजनांत सहगायन केले. सहगायन म्हणजे दुसऱ्याच्या स्वरवाक्याचा रोख आधी ओळखून त्यात आपले वाक्य पेरणे. त्यासाठी रचनेची आतून समज लागते. साच्याच्या कथेत तपस्व्याशेजारी सेविकेची जागा तयार असते, सहकलावंताची जागा नसते. त्यामुळे ही समज नोंदलीच जात नाही.

५

मराठीत संगीतविषयक स्मरणलेखन सर्वस्वी याच वाटेने गेले असे मात्र नाही. गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) यांचा 'माझा संगीत व्यासंग' (१९३९) आणि देवधरांचे उपर्युक्त पुस्तक यांत 'लीळाचरित्रा'ची वृत्ती टिकून आहे असे म्हणता येईल. हे दोघेही स्वतः संगीत जाणणारे. गवयाचा स्वभाव, लहर, विक्षिप्तपणा हे सारे त्यांच्या लेखनात आहे. परंतु मैफलीचा प्रसंग आला की त्यांचे लक्ष कोणता राग, कसा मांडला, तान कोठून उचलली, समेवर कसा आला याकडे जाते. आदर आहे म्हणून कान मिटलेले नाहीत. अलीकडच्या काळात सत्यशील देशपांडे यांच्या 'गान गुणगान' या पुस्तकातही गुरूची आठवण संगीताच्या विचारापासून विलग होत नाही.

यावर एक आक्षेप संभवतो. असे लेखन जाणकारांपुरते राहील. ज्याला रागांची ओळख नाही त्या वाचकाला कथा हवी, प्रसंग हवा, माणूस हवा. आक्षेपात तथ्य आहे. परंतु त्याने एक गोष्ट गृहीत धरली आहे : संगीताविषयी लिहिणे म्हणजे पारिभाषिक लिहिणे. विरामानंतर आलेला स्वर ऐकताना श्रोत्याची अपेक्षा कशी ताणली गेली, हे साध्या मराठीत सांगता येते. अशोक रानडे यांनी 'संगीताचे सौंदर्यशास्त्र' (१९७१) या पुस्तकापासून पुढे दीर्घकाळ ही भाषा घडविण्याचा प्रयत्न केला. ती भाषा आपल्या आठवणींत फारशी मुरली नाही, हे आपल्या साहित्यव्यवहाराचे न्यून आहे.

६

कलावंताला कसे आठवावे या प्रश्नाचे एक उत्तर खुद्द कुमार गंधर्वांनी देऊन ठेवले आहे, आणि आश्चर्य असे, की त्यांच्या आठवणी लिहिणाऱ्यांनी ते पद्धती म्हणून क्वचितच स्वीकारले. बालगंधर्वांच्या (१८८८–१९६७) नाट्यपदांवर त्यांनी केलेल्या कार्यक्रमाचे नाव होते 'मला उमजलेले बालगंधर्व'. या शीर्षकातील प्रत्येक शब्द विचारपूर्वक ठेवलेला आहे.

मराठीत आपण 'मला आठवते' म्हणतो. येथे स्मरण करणारा 'मी' कर्तेपणाने पुढे येत नाही. आठवण येते, ती ज्याला येते तो तिचा केवळ धनी असतो. 'मला उमजते' याही रचनेत 'मी' तसाच मागे आहे. तरीही दोन क्रियापदांत मोठे अंतर आहे. आठवण एखाद्या वासानेही येते. उमज मात्र वस्तूशी दीर्घकाळ झुंजल्याशिवाय पडत नाही. शिवाय आठवण खरी की खोटी एवढाच प्रश्न संभवतो. उमजेबाबत ती अपुरी आहे, दुसऱ्याला निराळे उमजले आहे, असेही म्हणता येते. 'मला उमजलेले' असे म्हणताना गायकाने आपल्या आकलनाची सीमाही सांगितली आणि त्याची जबाबदारीही घेतली. हे बालगंधर्व नव्हेत. हे मला कळलेले बालगंधर्व आहेत.

या शीर्षकाला आणखी एक परिमाण आहे. बालवयात कुमार गंधर्व प्रसिद्धीस आले ते थोर गवयांच्या ध्वनिमुद्रिका हुबेहूब गाऊन दाखविणारा मुलगा म्हणून. १९३६ साली मुंबईच्या संगीत परिषदेत श्रोते थक्क झाले ते या अद्भुत स्मरणशक्तीमुळेही. म्हणजे निर्दोष स्मरण ही सिद्धी त्यांना आरंभीच प्राप्त होती. त्यांचा पुढचा सारा प्रवास या सिद्धीपासून दूर जाण्याचा आहे. ज्याला कोणाचीही नक्कल करता येत होती त्याने प्रौढपणी बालगंधर्वांची नक्कल केली नाही. पदाची चाल, शब्दांची फेक, लयीशी चाललेले खेळणे हे सारे त्यांनी आपल्या गळ्याच्या आणि विचाराच्या भाषेत पुन्हा मांडले. बालगंधर्वांचे हुबेहूब दर्शन अपेक्षिणाऱ्या श्रोत्याला ते अपुरे वाटू शकते. पण बालगंधर्वांच्या गाण्यात नेमके काय होते याचा विचार करायला तो कार्यक्रम भाग पाडतो, आणि नक्कल हे कधीच करू शकत नाही. येथे गायन हेच समीक्षेचे रूप घेते.

नक्कल, आठवण आणि उमज या तीन पायऱ्या येथे स्पष्ट होतात. नकलेत मूळ वस्तू पुन्हा उभी राहते, पण तिच्याविषयी नवे काही कळत नाही. आठवणीत वस्तूपेक्षा वस्तूचा आपल्यावर झालेला संस्कार उभा राहतो. उमजेत संस्काराकडून पुन्हा वस्तूकडे जाण्याचा प्रयत्न असतो. कुमार गंधर्वांविषयीचे आपले बरेचसे लेखन दुसऱ्या पायरीवर स्थिरावले आहे. आणि ज्यांनी त्यांना पाहिलेले नाही ते जेव्हा इतरांच्या आठवणी पुन्हा सांगू लागतात, तेव्हा ते नकळत पहिल्या पायरीवर उतरतात. आजाराची आणि मौनाची कथा शंभराव्यांदा सांगणे ही गोष्टीची नक्कलच होय.

७

या चिकित्सेत एक अडचण उरते, आणि ती लपविणे अप्रामाणिक ठरेल. ज्याने त्यांना ऐकले नाही त्याने, ज्यांनी ऐकले त्यांच्या आठवणींत न्यून काढावे काय? त्यांच्यापाशी असे काही आहे जे ध्वनिमुद्रिकेत नाही : मैफलीतील शांतता, तानपुरे जुळत असतानाचा वेळ, पहिला षड्ज लागताना सभागृहात झालेला बदल. हे त्यांनीच सांगायचे आहे. ते सांगणारे आता थोडे उरले आहेत, आणि म्हणूनच त्यांच्याकडून कथेऐवजी नोंद मागितली पाहिजे. त्या दिवशी कोणता राग होता? किती वेळ गायला? कोणत्या जागी तुम्ही दचकलात? शेजारच्याला ते कसे वाटले? म्हाइंभटांनी हेच प्रश्न विचारले होते, आणि उत्तरे जुळली नाहीत तेव्हा परंपरेने दोन्ही पाठ ठेवले होते. जे आठवतात त्यांच्या आठवणी अशा टिपल्या गेल्या नाहीत, तर पुढच्या पिढीकडे केवळ कथा उरेल. कथेला कान नसतात.

आणि ज्यांच्याकडे आठवण नाही त्यांच्यासाठी ध्वनिमुद्रणे आहेत, 'अनूपरागविलास'चे दोन भाग आहेत, कान आहेत. आठवणीचा अधिकार त्यांना नाही, उमजेचा आहे. तो अधिकार कष्टाने मिळवावा लागतो एवढेच.

त्या वर्गाची हकीकत पूर्ण करायला हवी. पुढच्या तासाला कुमार गंधर्वांचे एक ध्वनिमुद्रण लावले आणि गायकाचे चरित्र पूर्ण बाजूला ठेवून, ऐकताना जे घडले तेवढेच लिहायला सांगितले. बहुतेक कागद अर्धवट राहिले. एका विद्यार्थिनीने लिहिले होते, की तो मध्येच थांबला तेव्हा आता कोणता स्वर येणार हे मला ठाऊक आहे असे वाटले, आणि आला तो दुसराच. पण आल्यावर वाटले की हाच यायला हवा होता. तिला रागाचे नाव माहीत नव्हते. तिच्या वाक्यात आजार नव्हता, देवास नव्हते, 'जी' नव्हते. होते ते गाणे.